ओढ्यातील किडे आणि पाण्याची परीक्षा

नदीकाठच्या गावांना एक अनुभव नवा नाही. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास एखाद्या सकाळी डोहातील मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात, पाण्याला उग्र दर्प येतो आणि गुरे काठापर्यंत जाऊन पाण्याला तोंड न लावता मागे फिरतात. गावकरी अर्ज करतात. पाण्याचा नमुना घेण्यासाठी कोणी येईपर्यंत चार-सहा दिवस उलटतात. मध्यंतरी धरणातून आवर्तन सुटलेले असते आणि घाण केव्हाच वाहून गेलेली असते. अहवाल समाधानकारक येतो. त्यात काही काळेबेरे असावे, असा संशय गावकऱ्यांना येतो. बहुधा तसे नसते. बाटलीत भरलेले पाणी फक्त त्या घटकेची हकीकत सांगते. मागील आठवड्यात त्या जागेवरून काय वाहून गेले, हे त्या बाटलीवरून कळत नाही.

ते ज्यांच्यावरून कळते असे साक्षीदार त्याच ओढ्याच्या तळाशी, गोट्यांच्या खालच्या अंगास चिकटून बसलेले असतात. किड्यांच्या अळ्या, चतुराची पिल्ले, गोगलगाई, शिंपले, जळवा, गांडुळाच्या जातीचे बारीक कृमी आणि खेकडे यांना पाठीचा कणा नसल्यामुळे शास्त्रात अपृष्ठवंशीय प्राणी म्हणतात. मासा घाणीची चाहूल लागताच वर किंवा खाली पळू शकतो. या लहान प्राण्यांना ती सोय नाही. त्यांचे कित्येक आठवड्यांचे, काहींचे तर वर्षभराचे आयुष्य एकाच खळाळात जाते. त्या काळात एका रात्रीपुरती जरी घाण आली, तरी नाजूक जाती मरतात आणि त्यांची जागा बराच काळ रिकामी राहते. कोण उरले आहे आणि कोण नाहीसे झाले आहे हे पाहून पाण्याची मागील हकीकत वाचता येते. त्यासाठी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा, एक पांढरी थाळी आणि दोन तासांचा वेळ पुरेसा आहे.

प्राणवायूचा हिशेब

एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापले म्हणजे ही मर्यादा साडेसात मिलिग्रॅमवर येते. पाण्यातील जीव एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर जगतात. दगडांवरून आपटत, फेसाळत वाहणाऱ्या पाण्यात हवा सतत मिसळत असल्याने हे भांडवल भरलेले राहते. त्यात शेण, मलमूत्र, उसाचा रस, मळी असे कुजणारे पदार्थ आले की ते कुजविणारे जीवाणू प्राणवायू खर्च करू लागतात. पाण्याची ही उधारी ‘जैव प्राणवायू मागणी’ या नावाने मोजली जाते. गावाच्या सांडपाण्यात ती लिटरमागे साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. मळीपासून मद्यार्क काढल्यानंतर उरणाऱ्या तांबूस-काळ्या पाण्यात, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, ती ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. सरळ भागाकार केला तर असे एक लिटर पाणी उन्हाळ्यातील नदीच्या पाच हजार लिटरांहून अधिक पाण्यातील प्राणवायू फस्त करू शकते. एक लिटर मद्यार्कामागे असे पाणी साधारण ८ ते १५ लिटर निघते. प्रक्रिया न करता ते नदीत सोडण्यास कायद्याने बंदी आहे ती याच कारणाने. ऊस आणि साखर हा ज्या जिल्ह्याचा मोठा आधार आहे, तेथील शेतकऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

प्राणवायूची गरज प्रत्येक प्राण्याची निराळी असते. कोणाला तो भरपूर लागतो, कोणी थोड्यावर निभावून नेतो आणि काही तो जवळजवळ नसला तरी तग धरतात. सारी परीक्षा या फरकावर उभी आहे.

रतनगडापासून प्रवरासंगमापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हा फरक पाहण्यास प्रवरेसारखी दुसरी नदी नाही. रतनगडाच्या परिसरात, धो धो पावसाच्या प्रदेशात ती उगम पावते. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडून, रंध्याच्या धबधब्यावरून उडी घेऊन ती अकोल्याकडे येते. आढळा आणि म्हाळुंगी यांचे पाणी घेऊन संगमनेर ओलांडते. ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना पाणी देते. मग कोल्हार, बेलापूर अशी काळ्या जमिनीच्या, उसाच्या मुलखातून जात हरिश्चंद्रगडावरून आलेल्या मुळेला भेटते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. डोंगरातील थंड, खडकाळ ओहोळापासून मैदानातील संथ, गाळाच्या पात्रापर्यंतच्या सर्व अवस्था एका जिल्ह्याच्या हद्दीत पाहावयास मिळतात.

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील एखाद्या ओहोळात दिवाळीनंतर मुठीएवढा गोटा अलगद उचलून उलटा केला, तर त्यावर काही चपटे जीव झरझर कडेला पळताना दिसतात. बहुधा ती मे-माशीची पिल्ले असतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे हलणारे कल्ले आणि मागे केसासारख्या तीन, क्वचित दोन, लांब शेपट्या ही त्यांची खूण. पंख फुटल्यावर ही माशी काही तास, फार तर काही दिवस जगते. पावसाळी संध्याकाळी दिव्याभोवती तिचे थवे जमतात ते सर्वांनी पाहिलेले असतात, मात्र तिचे पूर्वायुष्य पाण्यात गेले हे फारसे कोणास ठाऊक नसते. तिच्याशी साम्य असलेले, परंतु नेमक्या दोन शेपट्यांचे, पायांच्या टोकाला दोन-दोन नख्या असलेले आणि पायांच्या बुडाशी कल्ल्यांचे झुपके असलेले पिल्लू सापडले, तर ते दगडमाशीचे समजावे. सर्व किड्यांत हिचा तोरा मोठा. पाणी थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले असेल तरच ती राहते. मैदानी तालुक्यांत ती न सापडणे स्वाभाविक आहे. तिथे ती शोधीत बसू नये.

त्याच गोट्यावर वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे रेशमासारख्या धाग्याने जोडून केलेली बोटाच्या पेरापेक्षाही लहान नळी चिकटलेली आढळते. नळीच्या तोंडातून डोके काढून चालणारी अळी कॅडिस माशीची होय. तिच्या काही जाती घर न बांधता दोन दगडांच्या फटीत बारीक जाळे विणतात आणि प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण त्यात पकडतात; कोळ्याची युक्ती, पण पाण्यातली. दगडाला कुंकवाच्या टिकलीसारखी चपटी, तपकिरी, गोल वस्तू चिकटलेली दिसल्यास नखाने खरवडू नये. तीही एका भुंग्याची अळी आहे आणि चांगल्या पाण्याची खूण आहे.

मधल्या पट्ट्यात, म्हणजे पाणी थोडे मंद आणि उबदार झाल्यावर, चतुर व टाचणी यांची पिल्ले वाढतात. चतुराचे पिल्लू मळकट, जाडसर आणि आळशी दिसते; परंतु त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या चिमट्यासारखा असतो आणि तो झटकन पुढे फेकून ते डासांच्या अळ्या पकडते. टाचणीचे पिल्लू सडपातळ असून त्याच्या मागील टोकाला तीन पात्या असतात. शेतकऱ्याला या दोघांचा दुहेरी लाभ आहे, कारण मोठेपणी ते पिकांवरील तुडतुडे, पतंग आणि माश्या खातात. त्यांच्याबरोबर पाणभुंगे, झिंगे आणि शिंपलेही आढळतात.

पाणी आणखी बिघडले की वस्ती बदलते. जळवा आणि गोगलगाई वाढतात. गाळात लालभडक, वळवळणाऱ्या, अर्धा-पाऊण इंच लांबीच्या अळ्या दिसू लागतात. त्या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या होत. त्यांच्या अंगात माणसाच्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन असते आणि त्याच्या साहाय्याने त्या अगदी थोड्या प्राणवायूवर निर्वाह करतात. त्यांच्या शेजारी डोके गाळात खुपसून शेपटी हालवणारे दोऱ्यासारखे तांबडे कृमी, म्हणजे शोभेच्या माशांना खाऊ घालतात ते ट्यूबिफेक्स, हजारोंच्या संख्येने असतात. सर्वांत शेवटचा रहिवासी म्हणजे उंदरासारखी लांब शेपटी असलेली अळी. ही शेपटी वस्तुतः श्वासनळी आहे. ती पाण्याबाहेर काढून अळी हवा घेते. पाण्यात प्राणवायू आहे की नाही याच्याशी तिला कर्तव्य नाही. जिथे ओढ्यात फक्त लाल अळ्या, तांबडे कृमी आणि ही शेपटीवाली अळी उरली, तिथे ओढ्याचे गटार झाले असे निःशंक म्हणावे.

गढूळ पाणी आणि निर्मळ विष

येथे एक चूक हमखास होते. घाण पाणी म्हणजे काळे, दर्प येणारे पाणी अशी समजूत असल्याने नितळ पाण्याविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, औषधाच्या रिकाम्या बाटल्या काठावर टाकल्या किंवा मासे पकडण्यासाठी डोहात कीटकनाशक ओतले, तर पाण्याचा रंग बदलत नाही. किड्यांसाठी बनविलेले औषध पाण्यातील किड्यांनाही तेवढेच घातक ठरते. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे मे-माशीच्या पिल्लांना आणि झिंग्यांना अत्यल्प मात्रेत मारतात. इमिडाक्लोप्रिड लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असले तरी दीर्घकाळच्या संपर्काने मे-माशीस अपाय करते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे शेततळ्याच्या मापाने सांगता येईल. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल अशा खड्ड्यात दहा लाख लिटर पाणी मावते. त्यात शुद्ध औषधाचा एक ग्रॅम विरघळला की लिटरला एक मायक्रोग्रॅम हे प्रमाण होते. टोमॅटो, कांदा, डाळिंब यांच्या पट्ट्यात एका हंगामात किती ग्रॅम वापरले जातात, हे ज्याचे त्याने मोजावे.

कुजणाऱ्या घाणीमुळे बिघडलेल्या ओढ्यात जीवांची संख्या पुष्कळ आणि जाती थोड्या, असे दिसते. विषाने बाधलेल्या ओढ्यात बहुतेक सर्वच किडे नाहीसे होतात आणि गोगलगाई व कृमी तेवढे मागे राहतात, कारण अनेक कीटकनाशकांचा त्यांच्यावर तितका परिणाम होत नाही. पाणी स्वच्छ, दगड चांगले, तरी गोटा उलटल्यावर हलणारे काहीच नाही, असे आढळल्यास वरच्या बाजूच्या शेतांत काय फवारले गेले याची चौकशी करावी. वरचे ओहोळ शाबूत असतील, तर तिथून वाहून येणारी पिल्ले व उडून येणाऱ्या माद्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा वस्ती करतात. वरचेच पाणी गेले असेल, तर पेरावयास बियाणेच राहत नाही.

पाहणी कशी करावी

पाहणीचा उत्तम काळ नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यातील पुराने तळ धुऊन निघालेला असतो. पूर ओसरल्यावर सहा आठवडे तरी जाऊ द्यावेत. आवर्तन चालू असताना किंवा ते नुकतेच बंद झाले असताना पाहू नये. पाण्याची पातळी गुडघ्याखाली असावी आणि सोबतीला किमान एक माणूस असावा.

दीड हात लांबीचे मच्छरदाणीचे कापड दोन काठ्यांना बांधून जाळी करावी. एकाने ती प्रवाहाला आडवी, खालची कड तळाला टेकवून धरावी. दुसऱ्याने जाळीच्या वरच्या अंगाला दोन-तीन हातांवर उभे राहून पायांनी तळ ढवळावा आणि मोठे गोटे हाताने पाण्यातच चोळावेत. सुटलेले जीव वाहत येऊन जाळीत अडकतात. तीन मिनिटांनी जाळी उचलून पांढऱ्या थाळीत स्वच्छ पाण्याने धुवावी आणि थाळी काही वेळ सावलीत स्थिर ठेवावी. कचऱ्याचे तुकडे स्थिर राहतात, जिवंत ते हालू लागते. मऊ कुंचल्याने एकेक जीव वेगळा करून साध्या भिंगाखाली शेपट्या, कल्ले, पाय पाहावेत. सर्व प्राणी शेवटी पाण्यात परत सोडावेत. पाणी दूषित असल्याचा संशय असेल तर हातात रबरी मोजे घालावेत. जखम असलेल्याने पाण्यात उतरूच नये.

ही पाहणी एका जागी करून उपयोग नाही. गावाच्या किंवा संशयित नाल्याच्या वर एक जागा, लगत खाली दुसरी आणि दोन-तीन किलोमीटर खाली तिसरी, अशा तीन जागा घ्याव्यात. तिन्ही ठिकाणी तळ सारखा असावा: खळाळते, उथळ, गोट्यांचे पात्र. बंधाऱ्याच्या फुगवट्यात तळाशी गाळ बसतो आणि गाळातील प्राणी स्वभावतःच निराळे असतात. त्यांची तुलना खळाळाशी केली तर निष्पाप बंधाऱ्यावर आळ येतो. जिथे वाळू उपसून खड्डे पडले आहेत तिथेही पाणी चांगले असून किडे कमी सापडतात, कारण त्यांचे घरच उचलून नेलेले असते.

गुण देण्याची रीत

प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरविण्याची पद्धतशीर मांडणी जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये केली. पुढे ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका कार्यगटाने प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देण्याची सोपी रीत बसविली, आणि तिच्या आधारे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी जैविक निकष तयार केले. ब्रिटिश तक्त्यात दगडमाशीला आणि चपट्या मे-माशीला १०, सामान्य चतुराला ८, जाळे विणणाऱ्या कॅडिसला ५, पाणभुंग्याला ५, पोहणाऱ्या लहान मे-माशीला ४, जळू व साध्या गोगलगाईला ३, चिलटाच्या अळीला २ आणि तांबड्या कृमीला १ गुण आहे. कूळ एकदाच मोजावयाचे. त्यातील प्राणी दहा असोत की हजार.

समजा, नाल्याच्या वर चपटी मे-माशी, चतुर, जाळ्याची कॅडिस, पाणभुंगा, लहान मे-माशी आणि चिलटाची अळी अशी सहा कुळे मिळाली. बेरीज ३४, सरासरी ५.७. नाल्याखाली जळू, गोगलगाय, चिलटाची अळी आणि तांबडे कृमी अशी चार मिळाली. बेरीज ९, सरासरी २.२५. केंद्रीय मंडळाच्या निकषांत ७ व त्यावरील सरासरी स्वच्छ, ६ ते ७ किंचित, ३ ते ६ मध्यम, २ ते ५ जास्त आणि २ पर्यंत तीव्र प्रदूषण दर्शविते. मध्यम व जास्त यांच्या मर्यादा एकमेकींत शिरलेल्या आहेत, कारण मंडळ सरासरीबरोबर जातींच्या विविधतेचाही स्वतंत्र गुण धरते. मैदानातील ओढ्याला डोंगरातल्या ओहोळाएवढे गुण कधीच मिळणार नाहीत. म्हणून गावाने आकड्याच्या थोरवीत न पडता वरची जागा आणि खालची जागा यांतील अंतर पाहावे. वरील उदाहरणात ५.७ वरून २.२५ वर झालेली घसरण नाल्याकडे सरळ बोट दाखविते.

पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या बाजूचे बहुतेक ओढे पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच आटतात. तिथे ही परीक्षा ओढा सलग दोन महिने वाहिल्यानंतरच करावी; अन्यथा किड्यांचा अभाव हा दुष्काळाचा दोष असतो, घाणीचा नव्हे.

हे पाणी प्यावे काय?

याचे उत्तर किडे देत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू मे-माशीला बाधत नाहीत. ज्या ओहोळात ती सुखाने राहते त्यातही ते असू शकतात. नारूच्या रोगाने हा धडा महाराष्ट्राला फार महाग पडून शिकविला. पायऱ्यांच्या विहिरींतील स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव असे आणि त्याच्या पोटातून नारूची अळी माणसाच्या शरीरात शिरे. पाणी गाळून पिणे, विहिरींच्या पायऱ्या बंद करणे आणि औषध टाकणे यांमुळे हा रोग हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. गुराढोरांच्या बाबतीतही असाच एक इशारा आहे. संथ पाण्याच्या काठी गोगलगाई माजल्या असतील, तर त्यांच्यामार्फत मेंढ्या व गुरे यांच्या यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींचा धोका असतो. अशा काठावर जनावरे चारू नयेत आणि पशुवैद्यकाकडून शेणाची तपासणी करून घ्यावी.

नोंद आणि तक्रार

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले, त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते. ओढ्यानाल्यांची मोजदाद त्यात नाही. ती गावानेच ठेवावी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. पाहणीची तारीख, जागा, पाण्याची खोली, आधीच्या आवर्तनाची तारीख आणि सापडलेली कुळे या नोंदवहीत लिहावीत. माध्यमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षक आणि मुले हे काम आनंदाने करतात. किडे ओळखण्यात मुलांचे डोळे मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असतात.

दोन हिवाळ्यांच्या नोंदी हाती असल्या म्हणजे तक्रारीचे स्वरूप पालटते. ‘पाण्याला वास येतो’ एवढेच न लिहिता, अमुक नाल्याच्या वर सहा कुळे व खाली चार, मे-माशी गतवर्षी होती आणि यंदा नाही, असे लिहिता येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करीत आहे. त्याच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडे असा अर्ज करताना नमुना कोणत्या जागी व आवर्तनाच्या किती दिवस आधी घ्यावा, हेही सुचवावे. मासे मेल्याचे दिसताच, अधिकाऱ्यांची वाट न पाहता, पंचांसमक्ष स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून घट्ट बूच लावावे, बाटलीवर वेळ लिहावी आणि ती बर्फात ठेवावी. प्रयोगशाळेत ती शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी, आणि त्याच सकाळी तिन्ही जागी जाळी लावावी.